टेक्सासची रायफल आणि अहमदपूरची तूर: अर्धस्वयंचलित शस्त्राच्या मालकीचे एक प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचे आहे. गाव, नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. थोरला भाऊ गावी शेती पाहतो. धाकटा अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ अभियंता म्हणून नोकरीला होता. धाकट्याकडे एआर-१५ धर्तीची अर्धस्वयंचलित रायफल होती आणि ती त्याने रीतसर विकत घेतलेली होती. २०२४ मध्ये या एका रायफलीवरून दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. धाकट्याला न्यू जर्सी राज्यात नवी नोकरी मिळाली, तेव्हा घरसामानाबरोबर रायफलही तिकडे न्यावी असा त्याचा विचार होता. आणि थोरल्याला तीच रायफल, निदान तशीच एखादी, गावी हवी होती. सल्ल्यासाठी दोघेही आमच्याकडे आले, एक समोर बसून आणि दुसरा फोनवरून. दोघांनाही नकारच ऐकावा लागला, परंतु दोन नकारांमागची कारणे इतकी वेगळी आहेत की ती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या विषयातली मुख्य गोष्ट ध्यानात येत नाही. शस्त्र कायदेशीर आहे की नाही हे शस्त्राकडे पाहून कधीच सांगता येत नाही. ते कोणत्या भूमीवर आहे आणि कोणत्या दर्जाच्या माणसाच्या ताब्यात आहे, हे आधी विचारावे लागते.

गरज कुठून निर्माण झाली

थोरल्याच्या मागणीकडे हौस म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या शिवारात रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांचा उपद्रव गेल्या काही वर्षांत असह्य झाला आहे. भुईमुगाच्या ओळी रात्रीत उकरल्या जातात, हरभरा घाट्यावर आला की रोही उतरतात, आणि तुरीचे तर खाण्यापेक्षा तुडवण्यानेच अधिक नुकसान होते. झटका मशीन लावून झाली, फटाके वाजवून झाले, रात्ररात्र जागल करून झाली. थोरल्याकडे आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आहे आणि तिचा परवाना त्याच्या नावावर आहे. मात्र दुनळीचा व्यवहार कसा असतो ते पाहिले पाहिजे. दोन बार काढले की बंदूक मोडावी लागते, रिकामी काडतुसे ओढून बाहेर काढायची, पट्ट्यातली नवी दोन नळ्यांत सरकवायची, बंदूक पुन्हा मिटवायची. हे सारे बॅटरीच्या उजेडात आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी करायचे असते. तेवढ्या वेळात हुसकलेला कळप शेजारच्या उसाच्या फडात शिरून दिसेनासा होतो.

२०२२ च्या अखेरीस थोरला पर्यटक व्हिसावर भावाकडे गेला असताना, एका परिचिताच्या कुरणावर त्याने तिकडच्या रानडुकरांचा बंदोबस्त पाहिला. टेक्सासमध्येही रानडुकरे शेतीची मोठी नासाडी करतात आणि तिथले शेतकरी त्यांच्यावर सर्रास अर्धस्वयंचलित रायफल वापरतात. ‘‘बापू, असली एक आपल्याकडं असती तर एकबी डुक्कर उसात शिरलं नसतं,’’ असे तो भावाला म्हणाला, आणि पुढच्या साऱ्या पत्रव्यवहाराचे मूळ या वाक्यात आहे. पीक सारखेच, जनावर सारखेच, शेतकऱ्याची अडचणही सारखीच. मग साधन वेगळे का, हा त्याचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

रायफल नेमकी काय आहे

अर्धस्वयंचलित रायफलीत घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते. रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि मॅगझिनमधले पुढचे नळीत चढवणे हे काम उडालेल्या काडतुसाच्या वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर रायफल स्वतःच करते, परंतु दुसऱ्या गोळीसाठी घोडा सोडून पुन्हा दाबावाच लागतो. पूर्ण स्वयंचलित शस्त्रात घोडा दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. या दोहोंतला फरक बहुतेक सर्व देशांचे कायदे मानतात. वाद आहे तो मधल्या वर्गाविषयी: अर्धस्वयंचलित रायफलीला शिकारीच्या साध्या रायफलीच्या पंक्तीत बसवायचे की लष्करी शस्त्राच्या? टेक्सासने एक उत्तर दिले आहे, न्यू जर्सीने दुसरे, आणि भारताने या दोघांच्या कितीतरी आधी तिसरे.

टेक्सासमध्ये ती कशी मिळाली

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पूर्ण स्वयंचलित शस्त्रांवर १९३४ पासून नोंदणी आणि कराचे बंधन आहे, आणि मे १९८६ नंतर बनलेले असे शस्त्र खासगी नागरिकाला मिळतच नाही. अर्धस्वयंचलित रायफलीवर मात्र आज केंद्रीय पातळीवर सरसकट बंदी नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये अशी बंदी आली होती. तिची मुदत दहा वर्षांची होती आणि सप्टेंबर २००४ मध्ये ती संपल्यावर संसदेने ती पुढे वाढवली नाही. त्यामुळे आता परवानाधारक विक्रेत्याकडे केंद्रीय नमुना ४४७३ भरायचा, पार्श्वभूमी तपासणीत अडथळा निघाला नाही की रायफल घ्यायची, एवढीच केंद्राची अट उरते. लांब नळीच्या शस्त्रासाठी वय १८ पूर्ण असावे लागते. यावर टेक्सासने स्वतःची काहीही भर घातलेली नाही: खरेदीचा परवाना नाही, नोंदणी नाही, मॅगझिनमध्ये किती गोळ्या असाव्यात यावर मर्यादा नाही.

इथे एक बाब अशी आहे की जिच्याविषयी आपल्याकडून तिकडे गेलेल्या तरुणांमध्ये घातक अज्ञान आढळते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी विद्यार्थी व्हिसा, एच-१बी किंवा पर्यटक व्हिसा अशा तात्पुरत्या दर्जावर असलेल्या परदेशी नागरिकाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर त्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत गेली आहे. याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यांतला नेहमीच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. ‘बाळगणे’ या शब्दात नेमबाजीच्या मैदानावर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणेही येते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले रेहैफ प्रकरण अशाच स्वरूपाचे होते. संयुक्त अरब अमिरातीतून आलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव विद्यापीठाने कमी केले, त्याचा व्हिसा-दर्जा त्यामुळे संपला, आणि नंतर तो फ्लोरिडातल्या एका मैदानावर नेमबाजीला गेला. आपला दर्जा असा निषिद्ध आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे सरकारला सिद्ध करावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. मूळ मनाई मात्र कायम राहिली.

धाकट्याने याबाबतीत पुरेशी सावधगिरी बाळगली होती. विद्यार्थी आणि पुढे एच-१बी असताना त्याने शस्त्राला हात लावला नाही. २०२१ मध्ये ग्रीन कार्ड मिळाले, म्हणजे तो कायम रहिवासी झाला, आणि त्यानंतरच २०२२ मध्ये त्याने रायफल घेतली. थोरला पाहुणा म्हणून गेला तेव्हाही त्याने भावाला कुरणावर गाडीतच बसवून ठेवले, याचे त्या वेळी थोरल्याला वाईट वाटले होते. परंतु कायदा पाहता ते अगदी योग्य होते. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारण्यासाठी टेक्सास राज्याला सप्टेंबर २०१९ पासून शिकार परवाना लागत नाही. पण पर्यटक व्हिसावरच्या माणसाला त्यासाठी रायफल हातात घ्यायची तर केंद्रीय कायद्यातल्या अपवादासाठी तोच शिकार परवाना हवा असतो. राज्य म्हणते परवान्याची गरज नाही, केंद्र म्हणते त्याशिवाय हात लावू नका. दोन्ही कायदे एकाच कुरणावर, एकाच क्षणी लागू असतात, आणि ज्याने फक्त राज्याचा कायदा वाचला तो केंद्राच्या कायद्यात अडकतो.

न्यू जर्सीची सीमा

न्यू जर्सीने अशा रायफलींवर १९९० मध्येच बंदी आणली. तिथल्या कायद्यात ठरावीक शस्त्रांची नावानिशी यादी आहे, त्यात कोल्ट कंपनीची एआर-१५ आहे, आणि त्या यादीतल्या शस्त्रांशी ‘बहुतांशी सारखी’ असलेली शस्त्रेही बंदीत येतात. म्हणजे दुसऱ्या कंपनीचा शिक्का आहे म्हणून सुटका होत नाही. दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन २०१८ च्या कायद्याने बेकायदा ठरले. विनापरवाना असे शस्त्र जवळ आढळले तर तो दुसऱ्या दर्जाचा गुन्हा असून त्याला पाच ते दहा वर्षांची कैद आहे. ‘मी हे टेक्सासमध्ये कायदेशीर विकत घेतले’ हा तिथे बचाव होत नाही. विक्रीची पावती कितीही चोख असली तरी ती टेक्सासमधल्या व्यवहाराची पावती आहे.

धाकट्याने कुठेतरी वाचले होते की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेणाऱ्याला केंद्रीय कायदा संरक्षण देतो. ते खरे आहे, पण त्याची अट वाचली पाहिजे. निघण्याच्या ठिकाणी आणि पोहोचण्याच्या ठिकाणी, दोन्हीकडे ते शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल तरच, आणि शस्त्र रिकामे व हाताशी येणार नाही असे ठेवले असेल तरच, मधल्या राज्यांतून जाताना ते संरक्षण मिळते. पोहोचण्याचे ठिकाणच न्यू जर्सी असेल तर संरक्षणाचा आधारच नाहीसा होतो. वाटेत मेरीलँड आणि डेलावेअर ही राज्ये लागतात. एकाने २०१३ मध्ये आणि दुसऱ्याने २०२२ मध्ये अशा रायफलींवर बंदी घातली आहे. म्हणजे गाडीच्या डिकीतली तीच पेटी लुईझियानात निर्धोक होती आणि मेरीलँडची हद्द ओलांडताच गुन्ह्याचा पुरावा झाली असती.

अमेरिकेत हा फरक का पडतो, हे आपल्या वाचकाला समजणे थोडे अवघड जाते. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने तो व्यक्तीचा हक्क म्हणून मान्य झाला. परंतु त्या हक्काच्या मर्यादेत कोणते शस्त्र बसते यावर प्रत्येक राज्य आपला कायदा करते आणि मग तो न्यायालयात तपासला जातो. कॅलिफोर्नियाने १९८९ मध्ये, न्यूयॉर्कने सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर जानेवारी २०१३ मध्ये आपला कायदा कडक करून, इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०२३ मध्ये अशी बंदी आणली; या प्रत्येक कायद्यातली शस्त्राची व्याख्या, जुन्या मालकांना दिलेली सवलत आणि मॅगझिनची मर्यादा वेगळी आहे. न्यू जर्सीच्या कायद्याविरुद्धही जुलै २०२४ मध्ये एका केंद्रीय जिल्हा न्यायाधीशांनी कोल्ट एआर-१५ पुरता निकाल दिला, पण अपिलासाठी त्याला लगेच स्थगितीही दिली. धाकट्याला ही बातमी कळताच ‘आता चालेल का’ असे त्याने विचारले. स्थगिती असलेल्या निकालाच्या भरवशावर राज्याची सीमा ओलांडणे म्हणजे स्वतःला चाचणी-खटल्याचा आरोपी करून घेणे होय, आणि ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत त्याची परिणती तुरुंगापाशी न थांबता हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. तो धोका कोणत्याही सल्लागाराने पत्करायला सांगू नये.

इतर देशांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण आपल्या भागातली मुले तिकडेही आहेत. ब्रिटनने १९८७ च्या हंगरफोर्ड हत्याकांडानंतर १९८८ मध्ये .२२ रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाच्या) रायफली वगळता अर्धस्वयंचलित रायफली बंद केल्या. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली आणि त्याच वर्षी सर्व राज्यांनी राष्ट्रीय करार मान्य करून अशी शस्त्रे परत विकत घेतली. सुमारे साडेसहा लाख शस्त्रे जमा झाली. न्यूझीलंडने मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्च हल्ल्यानंतर, ज्यात ५१ जणांचा बळी गेला, महिन्याभरात कायदा केला. कॅनडाने १ मे २०२० रोजी दीड हजारांहून अधिक प्रकारांवर बंदी घातली. टेक्सासमधून यांपैकी कुठेही बदली झाली असती तरी धाकट्याची रायफल मागेच राहिली असती.

भारतीय कायद्याच्या चौकटीत

भारतात शस्त्रे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीतला विषय आहे. महाराष्ट्र, तेलंगणा किंवा कर्नाटक या राज्यांना शस्त्रांचे वर्ग बदलता येत नाहीत. उदगीरला जे निर्बंधित आहे ते बिदरलाही निर्बंधितच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासूनचा, आणि सध्याचे नियम २०१६ चे. प्रदेशानुसार सवलतीचे एक ठळक उदाहरण आपल्या देशातही आहे: कर्नाटकातल्या कोडगू येथील कोडवा समाज आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारक यांना ठरावीक शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे, आणि २०१९ मध्ये ती दहा वर्षांसाठी वाढवली गेली. परंतु ती सूट अधिसूचनेने दिलेली आहे आणि तिचा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला काही उपयोग नाही.

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग आहेत. पूर्ण स्वयंचलित शस्त्रे निषिद्ध वर्गात, म्हणजे वर्ग एक (अ) मध्ये, येतात. अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे त्याखालच्या वर्ग एक (ब) मध्ये, म्हणजे निर्बंधित वर्गात, आहेत, आणि त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. याच वर्गवारीत एक विसंगती दिसते आणि थोरल्याने ती बरोबर पकडली. गावातल्या एका परिचिताकडे .३२ बोअरचे पिस्तूल आहे. ते अर्धस्वयंचलितच असते, आणि त्याचा परवाना जिल्हा पातळीवर मिळाला आहे. मग रायफलीला का नाही? कारण अनुसूचीने पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला वर्ग तीन (अ) मध्ये स्वतंत्र जागा देऊन वर्ग एक (ब) मधून स्पष्ट वगळले आहे. रायफलीला अशी वाट ठेवलेली नाही. त्याहून पुढे, .३०३ किंवा ७.६२ मिमीचे लष्करी काडतूस जिच्यात बसते ती रायफल हाताने बोल्ट ओढून भरायची असली तरी वर्ग एक (क) मध्ये जाते. इछापूरच्या कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे परवानाधारकांत इतकी रुळली ती याच मुळे: ती हाताने भरायची आहे आणि लष्करी काडतूस तिच्यात चालत नाही.

निर्बंधित वर्गाचा परवाना मागायचा तर नियमांत त्याची कसोटी जिवाला असलेल्या गंभीर धोक्याची आहे. पिकाचे नुकसान, ते कितीही मोठे असले तरी, त्या कसोटीत बसत नाही. माझ्या मते इथे कायद्याची बाजू योग्य आहे. एका डुकरासाठी मॅगझिनभर गोळ्या क्षणात सोडू शकणारी, एक-दीड किलोमीटरपलीकडेही गोळी जीवघेणी ठेवणारी रायफल वस्तीवस्तीच्या शिवारात रात्रीच्या वेळी चालवणे शेजारच्या जागल्यासाठी फार धोक्याचे आहे. टेक्सासचे कुरण आणि आपली दोन-दोन एकरांची तुकड्यांची शेती यांत मोठा फरक आहे, आणि छर्ऱ्याची बंदूक इथे अधिक जबाबदार साधन आहे.

राहिला प्रश्न धाकट्याने रायफल सोबत आणण्याचा. भारतात शस्त्र आणायला अधिनियमाच्या कलम १० खाली परवाना लागतो. परदेशातले वास्तव्य संपवून कायमचे परतणाऱ्याला सीमाशुल्काच्या बॅगेज नियमांत एक शस्त्र आणण्याची सवलत आहे. पण ते परवानगीयोग्य बोअरचे हवे, परदेशात किमान एक वर्ष स्वतःच्या वापरात असलेले हवे, त्यासाठी भारतातला वैध परवाना हवा, त्यावर शुल्क भरावे लागते आणि मालकाच्या हयातीत ते कोणालाही देता किंवा विकता येत नाही. धाकटा कायमचा परतत नव्हता, शस्त्र निर्बंधित वर्गातले होते, आणि ते वापरणार होता थोरला. यांतले कोणतेही एक कारण पुरेसे होते. अमेरिकेतून शस्त्र बाहेर काढण्यासाठी तिथल्या वाणिज्य खात्याचे निर्यात नियम लागतात, तो भाग तर अजून वेगळाच.

धाकट्याला एक सूचना मात्र आवर्जून केली, कारण तो दिवाळीत गावी येणार होता. नेमबाजीच्या मैदानावर वापरलेली पाठपिशवी प्रवासासाठी घेऊ नये. बाजूच्या कप्प्यात अस्तराखाली सरकलेले एक जिवंत काडतूस विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रावर स्पष्ट दिसते, आणि भारतात विनापरवाना काडतूस हाच शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना शस्त्र वा दारूगोळ्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे आहे. ताब्यात जाणीव असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात म्हटले आहे आणि त्या आधारावर उच्च न्यायालये असे गुन्हे रद्दही करतात. परंतु तोवर विमान चुकलेले असते, पासपोर्ट अडकलेला असतो आणि परतीच्या नोकरीवर टांगती तलवार असते.

आजोबांची शस्त्रे आणि दोनची मर्यादा

या सगळ्यात एक जुना धागा निघाला, आणि प्रकरणाचा व्यवहार्य तोडगा त्यानेच ठरला. वडिलांच्या परवान्यावर तीन शस्त्रे होती: दुनळी, एक .२२ रायफल आणि आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक. डिसेंबर २०१९ च्या सुधारणेने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे अशी मर्यादा आली आणि तिसरे जमा करायला एक वर्ष दिले गेले, तेव्हा वडिलांनी ठासणीची बंदूक जमा केली. वडिलांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर २०१६ च्या नियमांतील वारसाच्या तरतुदीप्रमाणे, ते हयात असतानाच, दुनळी थोरल्याच्या परवान्यावर घेण्यात आली. वडील वारल्यानंतर .२२ रायफल, शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, पोलीस ठाण्यात जमा झाली; तिची पावती ट्रंकेत वडिलांच्या परवाना-पुस्तिकेत ठेवलेली होती. त्या पुस्तिकेच्या पानांवर दर नूतनीकरणाचा शिक्का, प्रत्येक निवडणुकीपूर्वी शस्त्र जमा केल्याची आणि परत घेतल्याची नोंद, आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील त्याचा आकडा ओळीने लिहिलेला आहे. टेक्सासमध्ये धाकट्याकडे रायफलीचा पुरावा म्हणून दुकानाची एक पावती होती, एवढेच.

थोरल्याच्या गरजेचे उत्तर परवानगीयोग्य वर्गातच होते. त्याला दोनपेक्षा जास्त बार हवे होते. अर्धस्वयंचलित यंत्रणाच हवी, असा त्याचा आग्रह नव्हता. बारा बोअरच्या पंप अ‍ॅक्शन बंदुकीत पुढचा दस्ता हाताने मागे-पुढे ओढून काडतूस बदलतात, म्हणून ती अर्धस्वयंचलित ठरत नाही आणि तिचा परवाना जिल्हाधिकारी पातळीवर मिळतो. बारा बोअरचीच स्वयंभरणी बंदूक मागितली असती तर अर्ज थेट दिल्लीला गेला असता. मात्र दोनच्या मर्यादेमुळे थोरल्याला निवड करावी लागली: वारसाहक्काने .२२ घेतली तर पंप अ‍ॅक्शनला जागा उरत नाही. आजोबांची वस्तू म्हणून त्याला .२२ सोडवेना, पण तिने रानडुक्कर हटत नाही हेही त्याला माहीत होते. शेवटी परभणीला असलेल्या बहिणीने, जी तितकीच कायदेशीर वारस आहे, त्या .२२ साठी आपल्या जिल्ह्यात अर्ज करावा असे तिघांनी मिळून ठरवले.

परवाना आणि शिकारीची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही थोरल्याला लेखी दिले. रानडुक्कर आणि रोही ही वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ च्या सुधारणेनंतर दुसऱ्या अनुसूचीतली जनावरे आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावरास मारण्याची परवानगी कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून, त्या त्या वेळी, लेखी घ्यावी लागते. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून जनावरावर बार काढला तर शस्त्राचा नसला तरी वन्यजीवाचा गुन्हा होतोच. नुकसानभरपाईचा अर्ज पंचनाम्यासह वेगळा करायचा असतो आणि तो बहुतेक शेतकरी करतच नाहीत.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला शस्त्र परवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले, त्याचा परिणाम आमच्या बाजूच्या जिल्ह्यांतल्या अर्जांवरही जाणवतो. पोलीस अहवाल बारकाईने लिहिले जातात आणि गरज सिद्ध करावी लागते. कायदा देशभर एकच असला तरी त्याची अंमलबजावणी जिल्ह्याच्या परिस्थितीनुसार घट्ट-सैल होते, आणि आपल्या व्यवस्थेतला प्रादेशिक फरक खरा असेल तर तो इथे आहे. थोरल्याच्या अर्जाला म्हणून सातबारा, मागच्या दोन हंगामांचे पंचनामे, वनविभागाशी झालेला पत्रव्यवहार, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात कुलूपबंद ठेवण्याचे हमीपत्र जोडले. नुसत्या ‘संरक्षणासाठी’ या शब्दावर अर्ज केला असता तर तो टिकला नसता.

धाकट्याने न्यू जर्सीला निघण्यापूर्वी रायफल, तिची तीस गोळ्यांची मॅगझिन आणि उरलेली काडतुसे ह्यूस्टनमधल्या परवानाधारक विक्रेत्याकडे विक्रीसाठी सोपवली. एखाद्या मित्राकडे ठेवून जाण्याचा विचार त्याच्या मनात होता. तो मित्र एच-१बी वर असल्याचे कळताच ते टाळायला सांगितले, कारण ज्या कृत्यातून हा स्वतः सुटला होता तेच त्याने मित्राच्या गळ्यात बांधले असते. न्यू जर्सीत पुढे कधी शिकारीची बंदूक घ्यायची झाली तर तिथले खरेदीदार ओळखपत्र पोलिसांकडून आधी काढावे लागेल, ही माहिती त्याला दिली आहे. थोरल्याचा अर्ज पोलीस अहवालासाठी गेला असून बहिणीच्या अर्जात मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत जोडण्याचे काम सध्या चालू आहे.